अडतिसाव्या किलोमीटरवरचा भोजनावकाश

धम्मपाल रामटेके याने पन्नास किलोमीटरची डोंगरी शर्यत अकरा तास चौपन्न मिनिटांत पुरी केली. मुदत बारा तासांची होती.

आता हे विसरून जायचं. धम्मपालचे वडील दादाराव यांचं मत असं की निकाल आधी फुटला तर परीक्षा रद्द समजतात, आणि ज्या माणसाने सदतीस वर्षं केंद्र सरकारच्या फायली सांभाळल्या त्याच्या मताला काहीतरी किंमत दिली पाहिजे. तेव्हा असलं काही घडलेलं नाही. २०१० सालच्या डिसेंबरातला रविवार आहे, पहाटेचे सहा वाजायला दहा मिनिटं आहेत, गुडगावच्या पुढे, सोहनाच्याही पुढे, अरावलीच्या पायथ्याला एका फार्महाऊसच्या हिरवळीवर धुकं उतरलंय, आणि धम्मपाल संडासाच्या रांगेत अकरावा आहे.

हा अठ्ठावीस वर्षांचा मुलगा गुडगावच्या एका काचेच्या इमारतीत सॉफ्टवेअर तपासायचा. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेली बटणं दाबून ती दबतात का ते बघायचं, आणि नाही दबली तर नम्रपणे कळवायचं. रांगेत त्याच्या मागे त्याच्याच मजल्यावरचे दोघं होते. पुष्कर पुण्याचा. कुठलीही गोष्ट करण्याआधी तो तिची एक्सेल शीट बनवायचा. या शर्यतीच्या शीटमध्ये 'घाम' नावाचा स्वतंत्र रकाना होता. शिवांगी डोंबिवलीची, एचआरमधली. मंदीच्या वर्षी तिने एकशे चौदा लोकांना कामावरून काढलं होतं, प्रत्येकाला आधी पाणी विचारून. तेव्हापासून ती मोजकंच बोलायची.

"पन्नास म्हणजे नक्की किती रे?" धम्मपालने विचारलं.

"इथून माझी मुनिरक्याची खोली," पुष्कर म्हणाला. "फक्त मध्ये डोंगर."

"तिथून इथे यायला आपण टॅक्सी केली ना?"

"हो."

"टॅक्सीवालासुद्धा कुरकुरत होता."

"यार, त्याने ट्रेनिंग केलं नव्हतं," पुष्कर म्हणाला.

धम्मपालनेही फारसं केलं नव्हतं. पण त्याला ही शर्यत पुरी करणं भाग होतं, आणि त्याचं कारण घरात होतं.

धम्मपालमध्ये एक खोट होती. तो कुठलीच गोष्ट शेवटाला नेत नसे. तबला शिकला तो तीनतालापर्यंत. कराटे पिवळ्या पट्ट्यापर्यंत. पोहणं, जिथवर पाय टेकतात तिथवर. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला तीनदा बसला. पहिल्या दोन वेळा नापास झाला, त्यात काही लाजण्यासारखं नाही, लाखो होतात. तिसऱ्या वेळी मात्र त्याने सकाळचा पेपर दिला, मधल्या सुट्टीत छोले-भटुरे खाल्ले आणि दुपारच्या पेपरला गेलाच नाही. का, ते त्याला कधीच सांगता आलं नाही. "भटुरे मोठे होते," एवढंच तो म्हणाला.

तरी दरवर्षी दादाराव गोल डाकखान्यातून फॉर्म आणायचे, काळ्या बॉलपेनने त्यातले सगळे गोल स्वतः भरायचे, फोटो चिकटवायचे आणि रविवारी सकाळी तो फॉर्म धम्मपालच्या चहाच्या कपाखाली ठेवायचे. सही तेवढी बाकी. धम्मपाल सही करायचा, कारण त्याशिवाय कप उचलता येत नसे.

दादाराव त्र्याहत्तर साली भंडारा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून कारकून म्हणून दिल्लीला आले होते. सेक्शन ऑफिसर होऊन गेल्या जूनमध्ये रिटायर झाले, आर. के. पुरमचा क्वार्टर सोडला आणि द्वारकेला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मधल्या सदतीस वर्षांत त्यांनी मांडलेल्या फायलींवर त्यांच्या निम्म्या वयाच्या साहेबांनी सह्या केल्या. कुठल्यातरी फायलीच्या तळाशी एकदा 'रामटेके' अशी साहेबाची सही वाचायला मिळावी, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. हे ते कधी बोलले नाहीत. बोलले असते तर धम्मपालला निदान 'नाही' म्हणता आलं असतं.

शेवटी नोव्हेंबरातल्या एका रविवारी धम्मपालने कप खाली ठेवला.

"बाबा, यंदा फॉर्म नको."

"का?"

"मला साहेब नाही व्हायचं."

"मग काय व्हायचंय?"

या प्रश्नाची त्याने तयारी केलेली नव्हती. पण आदल्याच दिवशी पुष्करने त्याला न विचारता त्याचं नाव शर्यतीत घातलं होतं. "मी पन्नास किलोमीटर पळणार आहे," तो म्हणाला.

दादारावांनी चष्मा काढला. "पूर्ण?"

"पूर्ण."

"धम्मू, तू आयुष्यात एक गोष्ट शेवटपर्यंत नेऊन दाखव. या घरात पुन्हा फॉर्म दिसणार नाही. नाही नेलीस, तर पस्तिशीपर्यंत गुपचूप सही करायची."

"लिहून घे त्यांच्याकडून," स्वयंपाकघरातून आई, म्हणजे शैलाताई, म्हणाल्या.

लिहून झालं. दोन प्रती. साक्षीदार म्हणून शैलाताईंची सही, तारखेसकट.

इथवर सगळं नीट होतं. पण शर्यतीचे आयोजक अविनाश सर, बँकेतली नोकरी सोडून लोकांना डोंगरात पळवण्याचा उद्योग काढलेले, यांना वाटेतल्या चौकीवर बसायला माणसं मिळेनात. "कोणी जबाबदार, वेळेचं पक्कं असं आहे का?" असं त्यांनी सगळ्या स्पर्धकांना विचारलं. रिटायर झाल्यापासून सोसायटीच्या सेक्रेटरीला आठवड्याला चार पत्रं लिहिणारा एक माणूस धम्मपालच्या माहितीत होता. सोसायटीची दया येऊन त्याने नाव सुचवलं. अशा रीतीने दादाराव अडतिसाव्या किलोमीटरवरच्या चौकीचे प्रमुख झाले, आणि शैलाताई पाणी व फळे विभागाच्या.

शर्यत सहाला सुटली. सत्तर जण धुक्यात घुसले आणि पाच मिनिटांत धम्मपालच्या पुढे कोणी दिसेना. मागेही दिसेना. पुष्कर म्हणाला, हे आपल्या शीटप्रमाणेच आहे.

नवव्या किलोमीटरला गेट लागलं. माळरानावर, बाभळी आणि कोरड्या गवताच्या मधोमध, संगमरवरी खांबांचं, सोनेरी टोकांचं भलंमोठं गेट. आत उभ्या राहणाऱ्या वस्तीचं चित्र शेजारच्या फलकावर होतं: कारंजी, गोऱ्या बायका, पोहण्याचा तलाव. प्रत्यक्षात गेटच्या आत तेच होतं जे बाहेर होतं. भिंतसुद्धा नव्हती. गार्ड मात्र होता, खुर्चीवर, कानटोपी घालून.

पुष्कर गेटच्या बाजूने निघाला. गार्डने शिट्टी वाजवली.

"एंट्री करो."

"भैया, दीवार ही नहीं है," पुष्कर म्हणाला.

"दीवार सेकंड फेज में है. किससे मिलना है?"

"बी-एकसौ चार," धम्मपाल म्हणाला. सरकारी क्वार्टरात वाढलेल्या मुलाला रजिस्टरपुढे वाद घालता येत नाही. विचारलं की तो मनचा का होईना, एक नंबर सांगून मोकळा होतो. गार्डने इंटरकॉम उचलला. त्याची वायर टेबलाखाली गुंडाळून ठेवलेली होती. बराच वेळ त्याने कानाला लावून धरला.

"उठा नहीं रहे," तो म्हणाला. "जाइए, लेकिन लौटते में एग्झिट करवा लेना."

चार मिनिटं गेली. शिवांगी गेट ओलांडून गेल्यावर म्हणाली, "माणूस कामाचा आहे. याला मी काढलं नसतं."

मग डोंगर सुरू झाले. अरावली दिसायला बुटकी आहे. दिल्लीकर तिला डोंगर म्हणतच नाहीत, 'रिज' म्हणून मोकळे होतात. पण ती एकदा चढून संपत नाही. चढून वर गेलं की पलीकडे तिच्यासारखीच दुसरी असते, आणि पायाखाली सुटे दगड, जे आधीच कोणाच्या तरी पायाखाली हललेले असतात. पंधराव्या किलोमीटरला धुकं गेलं. विसाव्याला पुष्करच्या जीपीएस घड्याळाने ते तिघे जयपूरला पोचल्याचं दाखवलं. तेविसाव्याला धम्मपालच्या डाव्या गुडघ्याने बोलायला सुरुवात केली आणि सत्ताविसाव्याला उजवा त्याच्याशी सहमत झाला.

तिथे एक बैलगाडीचा रस्ता आडवा जात होता आणि त्यावर मुळ्यांनी भरलेला ट्रॅक्टर उभा होता. वर बसलेल्या ताऊने, म्हणजे तिथल्या म्हाताऱ्याने, तिघांकडे, मग तिघांच्या मागे, बराच वेळ पाहिलं.

"पाछै कौण लाग रह्या सै?"

"कोई नहीं, ताऊ. रेस है," धम्मपाल म्हणाला.

"इनाम के सै?"

"मेडल."

"सोने का?"

"नहीं."

ताऊने हुक्क्याच्या सवयीने जबडा हलवला. झाल्या प्रकाराची त्याला मनापासून कीव आली असावी. "बैठ ज्याओ. सोहना छोड दूँगा."

धम्मपालला नंतर आठवेना की पाय कधी उचलला. आठवतं ते एवढंच की उजवा पाय ट्रॅक्टरच्या पायरीवर होता, हाताला मुळ्यांचा ओला गारवा लागत होता आणि मनात भटुऱ्यांच्या दिवशीची तीच शांतता होती. सगळं सोपं झालं होतं. पुष्कर काहीतरी आकडे सांगत होता.

शिवांगी पाण्याची बाटली घेऊन जवळ आली. "पाणी?" तिने विचारलं.

एकशे चौदा जणांना हा प्रश्न कोणत्या आवाजात विचारला गेला होता ते धम्मपालला त्या क्षणी कळलं.

"बस की," ती म्हणाली. "फॉर्मवर सही करायला हात लागतो. पायांचं काय काम."

धम्मपालने पाय खाली घेतला. ताऊने दोन मुळे त्याच्या हातात दिले आणि ट्रॅक्टर निघून गेला. पुढचे अकरा किलोमीटर तिघांनी मुळा खात, चढावर चालत आणि उतारावर पडत पार केले. तिसाव्याला पुष्करच्या पोटरीत गोळा आला. त्याची नोंद शीटमध्ये बत्तिसाव्याला होती, त्यामुळे तो जरा नाराज झाला.

अडतिसाव्या किलोमीटरची चौकी दुपारी दोनला बंद व्हायची होती. त्यानंतर येणाऱ्याला पुढे सोडायचं नाही, गाडीत बसवून परत आणायचं, असा नियम. गावाबाहेरचा जोहड, म्हणजे तळं, दिसायला लागला तेव्हा दोनला नऊ मिनिटं कमी होती.

"नऊ मिनिटं," पुष्कर म्हणाला. "धम्मा, नऊ मिनिटं आहेत हातात."

जोहडाकाठच्या कडुनिंबाखाली हिरव्या कापडाचं टेबल होतं. त्यावर पेनस्टँड, शाईचं पॅड, जाड रजिस्टर, आणि कुलूप लावलेली लोखंडी पेटी. पेटीत हिरवे रबर बँड होते. ते मनगटावर असल्याशिवाय शेवटच्या रेषेवर कोणालाही मोजलं जाणार नव्हतं. टेबलासमोर सात स्पर्धक जमिनीवर एका रांगेत मांडी घालून बसले होते. सगळ्यांच्या हातात संत्री होती. आणि टेबलावर पुठ्ठ्याची पाटी उभी होती: भोजनावकाश, १.३० ते २.००.

शैलाताईंनी तिघांना संत्री दिली. नागपूरहून मामाने पाठवलेली.

"आई, बाबा कुठायत?"

"ऑफिसात," शैलाताई म्हणाल्या आणि हनुवटीने दाखवलं. टेबलापासून सहा फुटांवर, पाठ करून ठेवलेल्या खुर्चीत दादाराव डबा खात होते.

"बाबा."

दादारावांनी वळून न बघता पोळीचा तुकडा मोडला. "दोन वाजता."

"बाबा, मी आहे."

"म्हणून तर. मुलगा म्हणून आधी घेतलं तर लोक काय म्हणतील? रांगेत बस."

रांगेत सगळ्यात पुढे नरसिंह नावाचा हरियाणा पोलिसातला हवालदार होता. "आधे घंटे से बैठ्या सूँ," त्याने सांगितलं. आवाजात राग नव्हता. आयुष्यभर लोकांना असंच बसवून ठेवलेल्या माणसाची समज होती. त्याच्या मागे मानेसरच्या कारखान्यातला एक जपानी इंजिनिअर ताठ पाठीने बसला होता. तो आला तेव्हा दादारावांनी त्याला "जपान? बुद्ध?" असं विचारलं होतं. त्याने मान डोलावल्यावर उठून हात जोडले होते, दोघंही कमरेत वाकले होते, आणि मग दादारावांनी त्याला सांगितलं होतं की धर्म आपला एकच असला तरी वेळ दोनचीच.

दोन वाजले. दादारावांनी हात धुतले, रुमालाला पुसले, पाटी आडवी केली, खुर्ची वळवली, पेटीचं कुलूप काढलं. "नेक्स्ट."

नरसिंह उभा राहिला. नाव, वडिलांचं नाव, छातीवरचा नंबर. दादारावांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली: १४.०१. मग अविनाश सरांचा नियमांचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला. पुन्हा वाचला.

"दो बज चुके हैं," ते म्हणाले. "आप आगे नहीं जा सकते."

जोहडातली एक म्हैस हलली. बाकी काही हललं नाही.

"ताऊ, मैं तेरे सामने बैठ्या था," नरसिंह म्हणाला.

"बैठे होंगे. रजिस्टर में तो अभी आए हैं."

मग सगळे एकदम बोलायला लागले. पुष्करने अविनाश सरांना फोन लावला, रेंज नव्हती. जपानी माणूस एकटा शांत होता, कारण त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शिवांगी धम्मपालच्या कानाशी आली. "चल, पळू या सरळ. काका काय मागे धावणारेत?"

"बँड नसेल तर पोचून उपयोग नाही," धम्मपाल म्हणाला. "आणि बाबांच्या लेखी तर मी निघालोच नाही असं होईल."

तो रांगेत दहावा होता. बसल्याजागी त्याच्या पायांचा दगड झाला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एक गोष्ट अर्धवट सोडायला अस्सल, सरकारी, लेखी कारण मिळालं होतं. कोणी बोट दाखवू शकलं नसतं. भटुऱ्यांपेक्षा किती चांगलं कारण. आणि नेमकं आजच त्याला सोडवेना. अडतीस किलोमीटर त्याचे होते, आणि ते पुठ्ठ्याच्या एका पाटीखाली जात होते.

तो उभा राहिला. उभं राहायला त्याला पुष्करचा खांदा आणि शिवांगीची वेणी लागली.

"बाबा, अठ्ठ्याऐंशी साली आपल्याला आर. के. पुरमचा क्वार्टर कसा मिळाला?"

दादारावांचं पेन थांबलं.

इतर मुलांना झोपताना सशाची गोष्ट सांगतात. धम्मपालला आणि त्याच्या बहिणीला, लुंबिनीला, काउंटरची गोष्ट सांगितली गेली होती. अर्जाची शेवटची तारीख. दादाराव अर्ज घेऊन पोचतात तर काउंटर जेवायला बंद. उघडतं तेव्हा बाबू म्हणतो, आज उशीर झाला, आणि उद्याचा शिक्का मारतो. अर्ज बाद. मग अकरा महिने, चौदा पत्रं, आणि शेवटी एक दिवस आदेश. तो आदेश प्लॅस्टिकमध्ये घालून क्वार्टरच्या दाराशी, बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगलेला असे. द्वारकेला जाताना गॅस सिलिंडरच्याही आधी तो हलवला गेला होता.

"अर्ज काउंटरपाशी पोचला ती वेळ ग्राह्य धरावी," धम्मपालने पाठ म्हटलं. "काउंटर बंद असल्याचा भुर्दंड अर्जदारावर पडू नये."

"ते अर्जासाठी होतं," दादाराव म्हणाले. पण त्यांनी चष्मा काढला होता. "माणसासाठी नाही."

"अर्ज स्वतः चालत येत नाही, बाबा. आम्ही आलो. अडतीस किलोमीटर."

रांगेतल्या बाकीच्यांना मराठी येत नव्हतं, तरी नरसिंहने मान डोलावली.

"ठीक," दादाराव म्हणाले. "समजा मुद्दा मान्य. पुरावा? कोण कधी पोचलं हे आता कसं ठरवायचं? प्रत्येकजण दीडच म्हणेल."

शैलाताईंनी संत्र्याची साल टाकली, हात पदराला पुसले, टेबलापाशी येऊन रजिस्टर उचललं आणि उलटं करून मागच्या पानापासून उघडलं. तिथे त्यांच्या गोल अक्षरात दहा नंबर आणि दहा वेळा होत्या. पहिली १.३२. शेवटच्या तीन एकाखाली एक: १.५१, १.५१, १.५१.

"हे कधी लिहिलंस?"

"तुम्ही मेथी खात होतात तेव्हा."

"तुला अधिकार कोणी दिला?"

"तुम्ही जेवायला उठलात तेव्हा चार्ज कोणाकडे दिलात?" शैलाताईंनी विचारलं.

सदतीस वर्षांत दादाराव चार्ज दिल्याशिवाय कधी पाणी प्यायलाही उठले नव्हते. आज उठले होते.

"म्हणजे माझ्याकडेच होता की," शैलाताई म्हणाल्या.

दादारावांनी कोरं पान काढलं आणि टिपण लिहायला घेतलं. परिच्छेद एक, दोन, तीन. पुष्कर घड्याळ बघून कण्हत होता, पण धम्मपालने त्याला गप्प केलं. लिहिणाऱ्याला मध्ये तोडलं की ते पहिल्यापासून लिहितात हे त्याला ठाऊक होतं. सहा मिनिटांनी खाली सही झाली, आणि प्रत्येकाला, शैलाताईंच्या पानाशी नंबर ताडून, एक एक हिरवा बँड मिळाला. जपानी माणसाने तो दोन्ही हातांनी घेतला.

धम्मपालचा बँड देताना दादारावांनी तो जरा धरून ठेवला.

"मांडणी चांगली केलीस," ते म्हणाले. मग, जवळजवळ स्वतःशी: "असाच माणूस लागतो रे आयोगाला."

फाईल जिंकता जिंकता धम्मपालने भलतीच लायकी सिद्ध केली होती. तो बँड घालून निघाला तो मागे वळून न बघता.

दोन वाजून चोवीस मिनिटं झाली होती. बारा किलोमीटर राहिले होते आणि त्यात दिवसातला सगळ्यात मोठा चढ. अर्धा तास एकत्र बसलेली दहा माणसं आता एकमेकांना सोडायला तयार नव्हती. नरसिंह पुढे चालत "हटो, हटो" म्हणत शेळ्या बाजूला करत होता. जपानी माणूस दर किलोमीटरला संत्र्याची एकच फोड काढून खायचा आणि वाकून शेजाऱ्याला दुसरी द्यायचा. चढाच्या मध्यावर पुष्कर बसला. म्हणाला, शीट इथे संपते, पुढचा रकानाच नाहीये. शिवांगीने त्याला पाणी विचारलं. तो ताडकन उठला.

माथ्यावरून सगळं दिसलं. एका बाजूला गुडगावच्या इमारती, उन्हात चमकणाऱ्या, अर्ध्या बांधून झालेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर क्रेन. दुसऱ्या बाजूला मोहरीची पिवळी शेतं आणि त्यांच्या कडेला ते फार्महाऊस, पोस्टाच्या तिकिटाएवढं. धम्मपालने खाली बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की इथून कुठेच ट्रॅक्टर जात नाही. सोडायचं ठरवलं तरी सोडायला तिथेच जावं लागणार होतं जिथे शर्यत संपते. इतका निवांतपणा त्याला आयुष्यात मिळाला नव्हता. तो पळायला लागला. गुडघे बोलत होते. त्याने त्यांना दोन वाजता यायला सांगितलं.

सूर्य गेला होता, उजेड होता. फार्महाऊसच्या फाटकापासून हिरवळीपर्यंत दोनशे पावलं. दहाच्या दहा जण एका ओळीत, कोणी पुढे नाही कोणी मागे नाही, आणि मधोमध धम्मपाल, एका हाताला पुष्कर, एका हाताला शिवांगी. आधीच पोचलेले लोक जेवणाची ताटं हातात घेऊन ओरडत होते. ढोलवाला लग्नाचा होता, त्याला एकच चाल येत होती. ती त्याने जीव तोडून वाजवली. रेषेपलीकडे अविनाश सरांच्या जीपमधून आलेले दादाराव मनगट डोळ्यांपाशी धरून उभे होते.

पाच चौपन्न.

सुरुवातीला जे विसरायला सांगितलं होतं ते आता आठवायला हरकत नाही.

धम्मपाल रेषेवरून पुढे गेला, तिथे थांबायचं कळेना म्हणून आणखी चाळीस पावलं गेला आणि मग आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागला. रडतोय असं वाटून शैलाताईंनी त्याला संत्रं दिलं. दादाराव आले. त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि दाबला, साहेब लोक बदलीच्या दिवशी दाबतात तसा, पण सोडला नाही.

"पूर्ण," ते म्हणाले. बराच वेळ तेवढंच म्हणत राहिले.

पुढच्या रविवारी सकाळी धम्मपाल जिना उतरल्यासारखा एक एक पाय टाकत चहाला आला. कपाखाली कागद होता. त्याने कप उचलला.

फॉर्म नव्हता. लोकसेवा आयोगाच्या सचिवांना लिहिलेल्या पत्राची प्रत होती, माहितीसाठी. मूळ पत्र आदल्या दिवशी रजिस्टर्ड पोस्टाने गेलं होतं. दादाराव खिडकीपाशी पाठ करून पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण पानही उलटत नव्हतं. पत्र इंग्रजीत होतं. मराठीत ते साधारण असं:

"महोदय,

१. निम्नस्वाक्षरीकाराचा मुलगा श्री. धम्मपाल दादाराव रामटेके याने दिनांक १२ रोजी पन्नास किलोमीटरचे डोंगराळ अंतर विहित मुदतीत पूर्ण केले आहे. उभयपक्षी झालेल्या लेखी करारानुसार त्याच्या वतीने अर्ज भरणे यापुढे बंद करणे निम्नस्वाक्षरीकारावर बंधनकारक आहे.

२. तथापि, दिनांक १६ रोजी, फॉर्म अद्याप आलेले नसतानाही, निम्नस्वाक्षरीकार गोल डाकखान्यातील रांगेत उभा असल्याचे त्याच्या स्वतःच्या निदर्शनास आले. सदर मुलगा फाईल उत्तम मांडतो, ही बाब त्यास कारणीभूत असावी. असा प्रकार पुन्हा घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.

३. सबब विनंती की, सदर मुलाच्या नावाने निम्नस्वाक्षरीकाराच्या हस्ताक्षरात भरलेला कोणताही अर्ज आयोगास प्राप्त झाल्यास, तो शुल्क व छायाचित्रासह सर्व बाबतींत परिपूर्ण असला तरी, स्वीकारण्यात येऊ नये. आणि त्याबाबत निम्नस्वाक्षरीकार आयोगाच्या काउंटरवर समक्ष येऊन कितीही विनवण्या करू लागल्यास, त्याला त्याच्या उर्वरित आयुष्यात दररोज, कोणत्याही वेळी, भोजनावकाश चालू असल्याचे सांगण्यात यावे."